थुनेर : हिमालयातला दुर्मीळ सूचिपर्णी वृक्ष ओळखावा, वाढवावा आणि राखावा कसा

पश्चिम हिमालयात साधारण १,८०० ते ३,३०० मीटर उंचीवर, देवदार, रई (स्प्रूस), तोस (फर) आणि खरसू ओक यांच्या सावलीत एक बुटका, काळपट हिरवा, सदाहरित वृक्ष वाढतो. उत्तराखंडात त्याला थुनेर म्हणतात, हिमाचलात राखल किंवा बिर्मी, काश्मीरकडे पोस्तुल. वनस्पतिशास्त्रात पूर्वी या सगळ्या झाडांना टॅक्सस बकाटा किंवा टॅक्सस वॉलिचियाना म्हणत असत. आता पश्चिम हिमालयातील झाडे टॅक्सस कॉन्टॉर्टा या नावाखाली आणि पूर्वेकडची टॅक्सस वॉलिचियाना या नावाखाली धरली जातात. हा भेद रोपे हलवताना फार महत्त्वाचा ठरतो. तो पुढे येईलच.

या झाडाचा महाराष्ट्राशी एक खरा आणि बहुतेकांना ठाऊक नसलेला धागा आहे. कर्करोगावरचे टॅक्सॉल हे औषध ज्या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी शोधून काढले, त्यांपैकी मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ मध्ये नंदुरबारचा आणि शिक्षण मुंबई विद्यापीठातले. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी मनरो वॉल यांच्यासह पॅसिफिक किनाऱ्यावरील टॅक्ससच्या सालीतून हे द्रव्य वेगळे केले आणि १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. १९९२ मध्ये अमेरिकेत अंडाशयाच्या कर्करोगासाठी या औषधाला मान्यता मिळाली आणि त्याच सुमारास जगभरातील टॅक्सस झाडांवर संक्रांत आली, कारण सालीतले टॅक्सॉलचे प्रमाण वजनाच्या एक दशांश टक्क्याहूनही कमी असते आणि त्यामुळे थोड्याशा औषधासाठी पुष्कळ झाडे सोलावी लागतात. हिमालयातली साल आणि पाने मोठ्या प्रमाणावर बाहेर गेली. इंधन आणि चारा म्हणून होणारी तोड आधीपासून होतीच. २०११ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने टॅक्सस कॉन्टॉर्टाला ‘असुरक्षित’ या वर्गातून काढून ‘संकटग्रस्त’ या वर्गात टाकले.

हे मार्गदर्शन तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे : हिमालयातील गावांबरोबर रोपवाटिकेचे काम करणारे स्वयंसेवक आणि विद्यार्थी, दरवर्षी त्या डोंगरांत जाणारे महाराष्ट्रातील ट्रेकर, आणि आयुर्वेदिक वनौषधींची खरेदी करणारे वैद्य व दुकानदार. थुनेरचे रोप महाराष्ट्रात आणून लावण्याच्या फंदात कोणीही पडू नये. आपले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे, म्हणजे थुनेरच्या पट्ट्याच्या खालच्या कडेपर्यंतही पोचत नाही. शिवाय प्रश्न नुसत्या उंचीचा नसून थंडीचा, बर्फाचा आणि वर्षभर ओलसर राहणाऱ्या गार मातीचा आहे.

ओळख

थुनेरची पाने चपटी, अरुंद आणि साधारण दीड ते तीन सेंटीमीटर लांबीची असतात. ती फांदीवर खरे तर गोलाकार निघतात, पण तळाशी पिळवटून दोन बाजूंना पसरतात, त्यामुळे फांदी दोन्हीकडे दात असलेल्या फणीसारखी दिसते. वरची बाजू गडद हिरवी आणि चकचकीत, खालच्या बाजूला पिवळसर हिरवे दोन पट्टे. पानाचे टोक एकेरी आणि अणकुचीदार असते. पान चुरगळून वास घेतला तर राळेचा वास येत नाही. देवदार, चीड किंवा तोस यांच्यापासून थुनेर वेगळा काढण्याची ही सर्वांत सोपी खूण आहे, कारण टॅक्ससच्या पानांत आणि लाकडात राळेच्या नलिका नसतात. साल पातळ, तांबूस तपकिरी, आणि कागदी पापुद्र्यांनी सुटणारी असते. पापुद्रा निघाला की आतला भाग जांभळट लाल दिसतो.

थुनेरला शंकू धरत नाही. मादी झाडावर शरद ऋतूत, सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान, वाटाण्याएवढा लाल, मऊ, बुळबुळीत पेला दिसतो; तो टोकाला उघडा असतो आणि आत पाहिले की एकच काळपट बी दिसते. हा लाल गर वगळता झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे, बीसुद्धा. टॅक्सीन नावाचे अल्कलॉइड थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करते. यात्रामार्गांवर आणि ट्रेकवर खेचरे बरोबर असतात. ती थुनेरजवळ बांधू नयेत आणि तोडलेल्या फांद्या त्यांच्या वाटेत टाकू नयेत. घोडा आणि खेचर या विषाला फार लवकर बळी पडतात, आणि सुकलेल्या फांद्यांतही विष टिकून राहते.

नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि हीच गोष्ट संवर्धनाच्या कामात सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. वसंतात नर झाडाच्या फांदीची खालची बाजू पाहावी : पानांच्या बेचक्यांत मोहरीच्या दाण्याहून थोडे मोठे, पिवळसर गोल कळे दाटीने बसलेले दिसतात आणि फांदीला टिचकी मारली की परागाचा पिवळा धूर उडतो. मादी फुले त्या वेळी इतकी बारीक असतात की ती साध्या कळीहून वेगळी ओळखता येत नाहीत. म्हणून एका झाडाकडे दोनदा जावे लागते, एकदा वसंतात परागासाठी आणि एकदा शरदात फळासाठी. जे झाड दोन्ही वेळा रिकामे दिसेल त्यावर ‘अनिश्चित’ अशी नोंद करावी. अंदाजाने नर ठरवू नये, कारण दाट सावलीतली मादी झाडे कित्येक वर्षे फळ धरत नाहीत.

तालीसपत्राचा प्रश्न

हिमालयात न जाताही महाराष्ट्रातला माणूस या झाडाला इजा पोचवू शकतो, ती तालीसपत्राच्या खरेदीतून. तालीसादि चूर्ण आपल्याकडे खोकल्यावर घरोघर चालते. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशानुसार तालीसपत्र म्हणजे ॲबीस वेबियानाची, म्हणजे हिमालयातल्या तोस वर्गातल्या झाडाची पाने. मात्र बाजारात काही ठिकाणी त्या नावाखाली टॅक्ससची पाने मिसळली जातात किंवा सरळ विकली जातात. यात दुहेरी नुकसान आहे : संकटग्रस्त झाड ओरबाडले जाते आणि खोकल्याच्या औषधात हृदयाला घातक पाने येतात.

घाऊक माल घेताना चूर्ण किंवा भरड घेऊ नये, अख्खी पाने मागावीत. मूठभर पाने पांढऱ्या कागदावर पसरून भिंगाने टोके पाहावीत. ॲबीसच्या पानाचे टोक बहुधा खाच पडून दुभंगलेले असते, खालच्या बाजूला दोन पांढुरक्या रेषा असतात आणि पान मोडले की राळेचा वास येतो. थुनेरच्या पानाचे टोक एकेरी, अणकुचीदार, खालचे पट्टे पिवळसर, तळाशी बारीक पिळलेला देठ आणि वास जवळजवळ नाहीच. सुकलेल्या मालात रंगावर विसंबून राहू नये, टोक आणि देठ यांवरच निर्णय घ्यावा. अशी पाने सापडली तर तो माल परत करावा आणि पुरवठादाराकडून वनस्पतीचे शास्त्रीय नाव, संकलनाचा प्रदेश आणि वनखात्याचा वाहतूक परवाना लेखी मागावा. जो पुरवठादार यांपैकी काहीच देत नाही त्याच्याकडून तालीसपत्र घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

झाडाला हात लावण्यापूर्वी

रोपवाटिकेसाठी बी किंवा फांद्या गोळा करायच्या तर संबंधित वनाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्यावी. जंगल राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात येत असेल, उदाहरणार्थ हिमाचलातील ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान किंवा उत्तराखंडातील केदारनाथ अभयारण्य, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. जंगल वनपंचायतीचे, म्हणजे गावाच्या वनसमितीने सांभाळलेले असेल तर पंचायतीचा ठराव हवा. उत्तराखंडात वनपंचायतींची व्यवस्था १९३१ च्या नियमांपासून चालत आलेली आहे, आणि अनुभव असा की पंचायतीला विश्वासात न घेता केलेली लागवड पहिल्याच चराईच्या हंगामात संपते.

परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांनीही एक लक्षात ठेवावे : हिमालयातील टॅक्सस हा १९९५ पासून सायटीस या, संकटातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. रोप, साल किंवा पाने परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, आठवण म्हणून खिशात घातलेली चार पानेही नाहीत.

मातृवृक्ष निवडणे

सगळ्या कामाचा कणा हाच आहे. एखाद्या मोठ्या, देखण्या, वाटेवरच्या झाडापासून पाचशे कलमे करणे सोपे असते आणि ती आकडेवारी अहवालात छान दिसते. पण ती पाचशे रोपे म्हणजे एकच झाड आहे, एकाच लिंगाचे, आणि त्यांच्यातून पुढची पिढी कधीही होणार नाही. एका खोऱ्यासाठी निदान ५० वेगवेगळी मातृझाडे असावीत, त्यांत नर आणि मादी दोन्ही पुरेशा संख्येने असावीत, आणि एका झाडापासून फार कलमे घेऊ नयेत. एकमेकांना खेटून वाढलेली खोडे एकाच जुन्या मुळाची असू शकतात, म्हणून दोन मातृझाडांमध्ये चांगले अंतर राखावे.

प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा. खोडाला खिळा ठोकू नये. ॲल्युमिनियमची पट्टी सैल तारेने फांदीला अडकवावी आणि दर दोन वर्षांनी तार सैल करावी, नाहीतर फांदी वाढताना तार आत रुतते. वहीत क्रमांक, उंची, उताराची दिशा, लिंग, छातीच्या उंचीवरचा घेर, सालीवरच्या जखमा आणि जीपीएसचे स्थान लिहावे. ही वही गावाकडे आणि वनखात्याकडे राहावी, समाजमाध्यमांवर जाऊ नये, कारण मोठ्या थुनेरांची यादी म्हणजे साल चोरणाऱ्याला दिलेला नकाशाच.

पूर्व हिमालयातली रोपे पश्चिमेत किंवा उलट आणू नयेत, आणि बागेसाठी विकला जाणारा युरोपीय टॅक्सस तर या जंगलांच्या आसपासही लावू नये. टॅक्ससच्या जाती एकमेकांशी सहज संकर करतात; बागांमध्ये सर्वत्र लावला जाणारा एक प्रसिद्ध टॅक्सस हा असाच युरोपीय आणि जपानी जातींचा संकर आहे. वाऱ्याने परागीभवन होणाऱ्या झाडात एकदा परका पराग शिरला की तो परत बाहेर काढता येत नाही. शक्य तर त्याच खोऱ्यातले, जवळपासच्या उंचीवरचे मातृवृक्ष वापरावेत.

छाट कलमे

बीपेक्षा कलमे लवकर हाती येतात आणि त्यांचे लिंग आधीच ठाऊक असते, म्हणून रोपवाटिकेचा बहुतेक भार त्यांच्यावर पडतो. शिमल्यातील हिमालयन वन संशोधन संस्था आणि अल्मोड्याजवळ कोसी-कटारमल येथील गोविंद बल्लभ पंत राष्ट्रीय हिमालयीन पर्यावरण संस्था यांनी या झाडाच्या कलमांवर काम केले आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने तिथे जाऊन एक हंगाम काम पाहावे.

कलमे फेब्रुवारी-मार्चमध्ये, डोळे फुगण्यापूर्वी घ्यावीत. मागच्या वर्षी वाढलेली, १५ ते २० सेंटीमीटर लांबीची, पेन्सिलीहून बारीक आणि तळाशी किंचित तपकिरी झालेली फांदी उत्तम. पूर्ण हिरवी फांदी सडते आणि पूर्ण लाकडी झालेली मुळे धरत नाही. तरुण झाडाची कलमे म्हाताऱ्या झाडाच्या कलमांपेक्षा चांगली लागतात. कापलेल्या फांद्या ओल्या शेवाळात किंवा गोणपाटात गुंडाळून सावलीत न्याव्यात. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत घालून उन्हात पाठीवर वाहिल्या तर रोपवाटिकेत पोचेपर्यंत निम्म्या मेलेल्या असतात, जरी त्या हिरव्याच दिसत असल्या तरी.

येथे एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. आडव्या फांदीचे कलम पुढे कित्येक वर्षे आडवेच वाढत राहते. त्याला सरळ शेंडा धरायला फार काळ लागतो, काही वेळा तो धरलाच जात नाही. उंच, सरळ झाड हवे असेल तर सरळ वर जाणाऱ्या फुटव्यांची कलमे घ्यावीत. पण मातृझाडाचा मुख्य शेंडा कापणे हा त्या झाडावर अन्याय आहे. यावर चांगला तोडगा म्हणजे बुंध्यावरचे फुटवे. सूचिपर्णी वृक्षांत विरळ असलेला गुण थुनेरला आहे : खोड तुटले किंवा जखमी झाले तरी तो बुंध्यावरून नवे, सरळ, जोमदार फुटवे काढतो. त्यांतले थोडेच घ्यावेत, बाकी राखावेत. केवळ बी मिळवण्यासाठी मादी झाडांचा समूह उभा करायचा असेल तर आडवी वाढ चालते, त्यासाठी आडव्या फांद्या वापरायला हरकत नाही.

कलम तयार करताना खालच्या एक तृतीयांश भागावरची पाने वरून खाली न ओढता कात्रीने काढावीत, नाहीतर साल सोलली जाते. तळाचा काप धारदार चाकूने तिरका, डोळ्याच्या थोडा खाली घ्यावा आणि तळाशी एका बाजूला सालीचा दोन सेंटीमीटरचा पातळ काप उतरवावा. मुळे बहुधा या जखमेच्या कडेवरूनच फुटतात. कलमे बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून निथळावीत आणि तळ ३,००० ते ८,००० पीपीएम (दशलक्षात इतके भाग) आयबीए हे मुळे फोडणारे द्रव्य असलेल्या संजीवकाच्या भुकटीत टेकवून जास्तीची भुकटी झटकावी. तरुण झाडांना कमी, म्हाताऱ्या झाडांना जास्त तीव्रता द्यावी. भुकटी जाड थापल्याने मुळे लवकर येत नाहीत, उलट तळ जळतो.

माध्यम निचऱ्याचे असावे : धुतलेली जाडसर नदीची वाळू आणि पर्लाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खनिज दाणे) समप्रमाणात, किंवा पर्लाइट मिळत नसेल तर नुसती वाळू. माती, शेणखत आणि पालाकुजका खत या टप्प्यावर अजिबात नको. आधी काडीने भोक पाडून मग कलम रोवावे, म्हणजे संजीवक पुसले जात नाही. वरून पॉलिथिनचा कमी उंचीचा बोगदा आणि त्यावर ७५ टक्के सावलीचे शेडनेट असावे. आतली हवा दमट आणि माध्यम नुसते ओलसर राहिले पाहिजे. मूठभर वाळू दाबल्यावर पाणी टपकले तर ते जास्त झाले. थुनेरची मुळे साचलेल्या पाण्यात सडतात, आणि रोपवाटिकेतील बहुतेक मर थंडीने किंवा दुष्काळाने होत नसून रोज सकाळी इमानाने पाणी घालणाऱ्या हातांनी होते.

दोन महिन्यांनी एखादे कलम हळूच उपटून तळ पाहावा. काप पांढुरक्या, खडबडीत गाठींनी भरून आलेला दिसेल. ही गाठ म्हणजे मुळे नव्हेत. ती दिसली म्हणून कलम हलवू नये. मुळे यायला तीन-चार महिने आणि काही वेळा त्याहून जास्त काळ लागतो. पहिली मुळे जाड, पांढरी आणि इतकी ठिसूळ असतात की वाळू झटकताना तुटतात, म्हणून स्थलांतर करताना कलम वाळूच्या गोळ्यासकट उचलावे. पिशवीत जंगलातली वरच्या थरातली माती, वाळू आणि पालाकुजका खत घालावे. जंगलातल्या मातीबरोबर थुनेरच्या मुळांना लागणारी बुरशीही येते. तेवढ्यासाठी थुनेरखालचीच मूठभर माती मिसळलेली बरी.

बी

कलमे कितीही चांगली लागली तरी बीपासूनची रोपे करणे सोडू नये, कारण नवे जनुकीय मिश्रण फक्त बीतून येते. त्याचा त्रास एवढाच की बी फार झोपाळू असते. लाल फळे पिकताच गोळा करावीत, उशीर केला तर पक्षी घेऊन जातात, आणि पक्ष्यांसाठी झाडावर निदान अर्धी फळे ठेवलीच पाहिजेत, कारण जंगलात बी पसरवण्याचे काम तेच करतात. गर पाण्यात चोळून पूर्ण काढावा, तरंगणारे पोकळ बी टाकून द्यावे, आणि बी वाळू न देता लगेच वाळू व पालाकुजक्याच्या मिश्रणात पेरावे. वाफ्यावर बारीक जाळी घट्ट बसवावी. उंदरांना या बियांची चटक असते आणि एका रात्रीत वाफा रिकामा होतो.

पहिल्या वसंतात वाफ्यातून काहीच वर येणार नाही. थुनेरच्या बीला आधी उबदार ओलावा आणि मग हिवाळा, असा क्रम लागतो. म्हणून ते बहुधा दुसऱ्या वसंतात, पेरणीनंतर सुमारे दीड वर्षाने रुजते, आणि काही बी त्याहून पुढे. या काळात वाफा कोरडा पडू देऊ नये आणि मुख्य म्हणजे तो वायाच गेला असे समजून कोणी खणू नये. वाफ्याशेजारी पेरणीची तारीख लिहिलेली पाटी ठोकावी. माणसे बदलतात, पाटी राहते.

जंगलात लावणे

कलम असो वा बी, रोप ३० सेंटीमीटरच्या आसपास यायला तीन-चार वर्षे लागतात. त्याआधी ते जंगलात नेणे म्हणजे त्याला गवताखाली गाडणे होय. पावसाळ्याच्या सुरुवातीला, उत्तरेकडे किंवा ईशान्येकडे तोंड असलेल्या उतारावर, नाल्याच्या वरच्या कडेला, जिथे माती ओलसर आहे पण पाणी साचत नाही अशी जागा निवडावी. वर खरसू, तोस किंवा रईची विरळ सावली हवी. उघड्या माळावर आणि बुग्यालांत, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांत थुनेर लावू नये. तिथे झाड जगत नाही आणि बुग्यालाचेही नुकसान होते.

पाच ते सात रोपांचे गट करावेत, गटातील अंतर तीन मीटर, आणि प्रत्येक गटात निदान दोन नर असावेत. बीपासूनची रोपे लिंगाचा पत्ता नसल्याने गटांत मिसळून लावावीत. खड्डा मोठा खणण्याची गरज नाही, पण पिशवी पूर्ण फाडून काढलीच पाहिजे. गोल फिरलेली मुळे हाताने मोकळी करावीत. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे, मात्र ते खोडाला टेकू देऊ नये.

गुरांपासून राखणे ही पुढच्या दहा वर्षांची गोष्ट आहे. एकेका रोपाला बांबूची जाळी आणि गटाला काटेरी फांद्यांचे कुंपण हा स्वस्त उपाय. ते दर हिवाळ्यात बर्फाने मोडते आणि दर एप्रिलमध्ये दुरुस्त करावे लागते. लागवडीचा पैसा पहिल्या वर्षी मिळतो आणि कुंपणाचा पैसा कोणीच देत नाही, हे आधीच गृहीत धरून निम्मीच रोपे लावावीत आणि उरलेल्या रकमेत राखणदाराची दहा वर्षांची मजुरी बाजूला ठेवावी.

सोललेल्या झाडाचे काय करावे

उत्तराखंडातील भोटिया समाजात थुनेरची साल चहासाठी वापरण्याची जुनी रीत आहे. घरापुरती, एका बाजूने पातळ पट्टी काढली तर झाड ती जखम भरून काढते. घात होतो तो खोडाभोवती पूर्ण कडे काढल्याने. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जाते. तो रस्ता तुटला की मुळे उपाशी मरतात. फसवी गोष्ट अशी की वरची पाने त्यानंतर कित्येक महिने हिरवीच राहतात, म्हणून झाड ‘वाचले’ असे वाटते.

असे झाड दिसल्यास जखमेला डांबर, शेण किंवा रंग फासू नये. निम्म्याहून कमी घेर सोललेला असेल तर लोंबणारे पापुद्रे कापून कड स्वच्छ करावी आणि झाड सोडून द्यावे. पूर्ण कडे निघाले असेल तर वरचा भाग वाचत नाही, पण झाड तोडू नये. जखमेच्या खालून फुटवे येतील, त्यांना कुंपण घालावे. त्याच हंगामात वनखात्याच्या संमतीने वरच्या भागातली सरळ कलमे भरपूर घ्यावीत. शेंड्याची कलमे निःसंकोच घेता येतील असे झाड हेच.

औषधनिर्मितीसाठी आता साल लागत नाही. पानांतील टॅक्सॉलच्या पूर्वद्रव्यापासून आणि वनस्पतिपेशींच्या संवर्धनातून हे औषध तयार होते. त्यामुळे साल विकत घेणारा कोणीही असो, त्याच्याकडे सबळ कारण नसते. पाने काढण्याची परवानगी जिथे असेल तिथे कोवळ्या टोकाच्या फांद्या कात्रीने कापाव्यात, झाडाच्या पर्णसंभारातला पाचवा हिस्सा ओलांडू नये, आणि त्या झाडाला पुढची तीन-चार वर्षे विश्रांती द्यावी.

ट्रेकरने काय करावे

ताजी सोललेली झाडे दिसली तर तीन छायाचित्रे घ्यावीत : पूर्ण झाड, जखम जवळून शेजारी हाताचा पंजा ठेवून, आणि आसपासचा परिसर. जीपीएस स्थान आणि तारीख त्या क्षेत्राच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला द्यावी, ट्रेकगटाच्या समाजमाध्यमावरील समूहात टाकू नये. निरीक्षणे नोंदवण्याच्या संकेतस्थळावर टाकायचीच असतील तर स्थान अस्पष्ट ठेवण्याचा पर्याय निवडावा. तळावर शेकोटीसाठी मिळणाऱ्या लाकडात तांबूस, जड, राळेचा वास नसलेले ओंडके असतील तर ते कुठून आले हे विचारावे आणि गाइडला गॅस वापरण्याचा आग्रह धरावा. आणि जिथे वनपंचायतीची थुनेर लागवड आहे तिथे मुक्काम करून राखणदाराला त्याची मजुरी रोख द्यावी. एप्रिलमधल्या कुंपणाच्या दुरुस्तीला दोन दिवस हात लावला तर त्याहून उत्तम, फक्त हातमोजे घालावेत आणि पाने खेचरांच्या वाटेत पडू देऊ नयेत.